मताचे मोल आणि निवडणुकीचा हिशेब

निवडणूक जवळ आली की आपल्या शिरूर-दौंड भागाचे वातावरण बदलून जाते. एरवी वस्तीकडे न फिरकणारी माणसे हात जोडून दारात उभी राहतात. कुणी समाजमंदिराला फरशी बसवून देतो म्हणतो, कुणी तरुण मंडळाला क्रिकेटचे साहित्य देतो, ढाब्यावर पंगती उठतात. मतदानाच्या आदल्या रात्री पाकिटांची कुजबुज सुरू होते. "देतायत तर घ्या, मत कुणाला द्यायचं ते आपल्या हातात आहे," असे काही जण म्हणतात. "पाच वर्षांतून एकदाच तर येतात, मग का सोडायचं?" असेही ऐकू येते.

हे बोलणारी माणसे वाईट नाहीत. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत कंत्राटावर राबणाऱ्याला, दुसऱ्याच्या रानात खुरपणीला जाणाऱ्या बाईला पाचशेची नोट मोठीच असते. परंतु ज्या मताचा भाव आज एका रात्रीत ठरतो ते मत आपल्या आजा-पणजांपाशी नव्हतेच. ते कसे मिळाले, ते मिळाल्यावर पैशाने त्याच्याभोवती कसा फास टाकला आणि कायद्याने तो सोडवायचा प्रयत्न कसा केला, हा इतिहास आपल्या मुला-मुलींना माहीत असायला हवा. विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत तोच थोडक्यात मांडत आहे.

मत नव्हते तेव्हा

इंग्रजांच्या राज्यात मताचा अधिकार माणसाला नव्हता, मालमत्तेला होता. ठराविक शेतसारा भरणारा, ठराविक भाड्याच्या घरात राहणारा, प्राप्तिकर देणारा असा जो असेल त्याचे नाव मतदारयादीत. महारकीच्या वतनावर आणि गावकीच्या कामावर जगणाऱ्या माणसाचे नाव त्या यादीत कुठून येणार? गरिबाला मत नाही, आणि मत नाही म्हणून गरिबाचे गाऱ्हाणे ऐकायला कायदेमंडळात कुणी नाही, असे हे चक्र होते.

जानेवारी १९१९ मध्ये मताधिकाराची चौकशी करणाऱ्या साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी आपले निवेदन दिले. तेव्हा ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते आणि वय होते अवघे २७. अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट सैल करा, अशी त्यांची मागणी होती. मताधिकार हा सरकार निवडण्यापुरता नसतो, त्यातूनच माणूस राजकारणाचे शिक्षण घेतो, असा त्यांचा विचार होता.

आपल्या भागातील लोकांना १९२७ हे साल कोरेगाव भीमामुळे ठाऊक आहे. त्या वर्षीच्या १ जानेवारीला बाबासाहेबांनी जयस्तंभाला भेट दिली. त्याच वर्षी ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात सभासद म्हणून बसू लागले. मात्र ते निवडून आलेले नव्हते, सरकारने नेमलेले होते. ज्या समाजाला मतच नाही त्याचा प्रतिनिधी निवडून येणार कसा? पुढच्याच वर्षी, २३ ऑक्टोबर १९२८ रोजी, पुण्यात सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांची साक्ष झाली. तिथे त्यांनी प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत द्या अशी मागणी केली. मोठमोठे पुढारीसुद्धा तेव्हा अडाण्याच्या हाती मत कशाला, असे म्हणत होते.

पुढे गोलमेज परिषद झाली. ऑगस्ट १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघ जाहीर झाले, गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण सुरू केले आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. ही हकिकत आपण दरवर्षी ऐकतो. तिची एक बाजू मात्र भाषणात फारशी येत नाही, ती म्हणजे खर्चाची. करारात असे ठरले की राखीव जागेसाठी आधी आपल्या समाजाच्या मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चार उमेदवारांची यादी निवडायची, आणि मग त्या चारांतून एकाला सर्व मतदारांनी मिळून निवडायचे. म्हणजे ज्याच्या खिशात काही नाही त्याच उमेदवाराने दोन वेळा निवडणूक लढवायची. सवर्ण उमेदवाराला एकच. कायदा करताना ठरलेली एखादी पद्धत गरिबाच्या मानेवर कशी बसते, त्याचा हा पहिला धडा होता.

तरीसुद्धा १९३७ साली चमत्कार वाटावा असा निकाल लागला. ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई प्रांतात १७ उमेदवार उभे केले आणि १४ निवडून आणले. आपल्या पुणे जिल्ह्यातून रा. रा. भोळे आले. पाठीशी गिरण्यांचे मालक नव्हते, सावकार नव्हते. त्या वेळी मुंबई प्रांतात जितक्या जागा तितकी मते आणि ती सर्व मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. त्यामुळे थोडे मतदार असले तरी एकजुटीने मत देऊन आपला माणूस निवडून आणता येत असे. सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी महार वतनाचे आणि खोती बंद करण्याचे अशी दोन विधेयके कायदेमंडळात मांडली. पक्षाला मिळालेल्या मतांमधूनच ती तिथवर पोहोचली.

१९४६ साली मात्र उलट घडले. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार अनेक ठिकाणी प्राथमिक निवडणुकीत पुढे राहिले आणि अंतिम निवडणुकीत पडले. त्याच वर्षी जुलैत पुण्यात पुणे कराराविरुद्ध सत्याग्रह झाला. आपल्याकडच्या जुन्या घरांतून कुणी त्यात गेले असेल तर ती आठवण लिहून ठेवण्याजोगी आहे.

संविधान आणि १९५१ चा कायदा

देश स्वतंत्र झाला आणि संविधान तयार झाले. कलम ३२६ ने प्रत्येक प्रौढ नागरिकाला मत दिले. जमीन किती, शिक्षण किती, जात कोणती, बाई की पुरुष, असे काही विचारायचे नाही. त्या वेळी २१ वर्षांची अट होती, ती १९८९ पासून १८ वर्षे झाली. कलम ३२४ ने निवडणूक आयोग नेमला. जून १९४९ मध्ये हे कलम संविधान सभेत मांडताना बाबासाहेबांनी कारण स्पष्ट केले होते. काही प्रांतांत सत्तेवरचे लोक परक्या भाषेच्या किंवा परक्या गटाच्या लोकांची नावे मतदारयादीतून गाळत आहेत, म्हणून निवडणुकीचे काम प्रांताच्या सरकारच्या हातून काढून एका स्वतंत्र आयोगाकडे द्यायचे, असे ते होते.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक तर अशी की लोकशाही भारताला नवी नाही, भिक्खू संघात ठराव, गणसंख्या आणि मतदान या सर्वांचे नियम होते. विनयपिटकात शलाकांनी म्हणजे काड्यांनी मत घेण्याची पद्धत दिली आहे. शलाका गोळा करणारा भिक्खू कसा असावा? तर जो आवड, द्वेष, मोह आणि भय या चार कारणांनी वाट सोडत नाही, आणि कोणाची शलाका घेतली व कोणाची नाही हे ज्याला नेमके कळते, असा. आजच्या निवडणूक अधिकाऱ्याला यापेक्षा वेगळी पात्रता काय हवी?

दुसरी गोष्ट इशाऱ्याची होती. २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात एका माणसाला एक मत आणि प्रत्येक मताचे मोल सारखे असेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमताच राहील, ही विसंगती फार दिवस चालू दिली तर लोकशाहीच धोक्यात येईल, असे त्यांनी बजावले. निवडणुकीतला पैसा हा नेमका या विसंगतीचाच प्रश्न आहे. मत सर्वांना एकेक मिळाले, पैसा मात्र सर्वांना सारखा मिळाला नाही.

लोकप्रतिनिधित्वाचे १९५० आणि १९५१ चे दोन्ही कायदे झाले तेव्हा बाबासाहेबच कायदामंत्री होते. १९५१ च्या कायद्यात पैशाला आवर घालण्यासाठी तीन-चार तरतुदी आल्या. उमेदवाराने खर्चाचा हिशेब ठेवायचा आणि सादर करायचा. खर्चाला मर्यादा. मतदाराला लाच देणे म्हणजे भ्रष्ट मार्ग, आणि तो सिद्ध झाला तर निवडणूक रद्द. अनामत रक्कम ठेवताना अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मी सवलत. तेव्हा लोकसभेसाठी ५०० रुपये अनामत होती, आपल्या उमेदवाराला २५०. एक षष्ठांश मते पडली नाहीत तर ती जप्त. आज लोकसभेची अनामत २५,००० आणि विधानसभेची १०,००० रुपये आहे, पण निम्म्याची सवलत अजून चालू आहे. बरेच तरुण कार्यकर्ते ही सवलत माहीत नसल्यामुळे आधीच कच खातात.

७४,३३३ मते

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बाबासाहेब उत्तर मुंबईतून लोकसभेला उभे राहिले. हा दोन जागांचा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. मतदाराला दोन मते होती. परंतु १९५१ च्या कायद्यात १९३७ सारखी सवलत नव्हती. दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नव्हती, दिली तर एक मत बाद. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, फेडरेशनची खूण हत्ती. एकाच मतदाराच्या दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत सापडल्या की त्यातले मत वाया.

निकाल लागला. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ आणि बाबासाहेबांना १,२३,५७६ मते पडली. फरक १४,५६१ मतांचा. आणि त्या मतदारसंघात बाद झालेली मते किती? ७४,३३३. दुसरे मत मुद्दाम फुकट घालवा, म्हणजेच मते कुजवा, असा प्रचार विरोधकांनी केल्याची तक्रार घेऊन बाबासाहेब आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांनी निवडणूक अर्ज केला. त्याला यश आले नाही. ज्याने देशाला मत मिळवून दिले त्याच्याच निवडणुकीत फरकाच्या पाचपट मते कुजली, ही गोष्ट आपण पोटात ठेवली पाहिजे. रागासाठी नव्हे. कायद्यातले एक बारीकसे वाक्य किती मोठे काम करते ते समजण्यासाठी.

दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा तोच दोन मतांचा प्रसंग आला. आपल्या लोकांनी दुसरे मत कुणालाच देऊ नये, म्हणजे बाबासाहेब येतील, असा हिशेब काही कार्यकर्त्यांनी मांडला. बाबासाहेबांनी तो मानला नाही, असे त्या निवडणुकीत वावरलेल्यांनी लिहून ठेवले आहे. संविधान लिहिणाऱ्याने मत फुकट घालवायला सांगायचे नाही, हा त्यांचा बाणा. ते ती निवडणूक हरले. दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले, तोपर्यंत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन गेले होते.

पैशाचे मागचे दार

मते कुजवण्याचा मार्ग बंद झाला. पैशाचा मार्ग मात्र रुंद होत गेला. यातला पहिला मोठा इशारा आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने दिला होता. १९५७ साली टाटांच्या पोलाद कंपनीने राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या नियमावलीत बदल मागितला. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी प्रचलित कायद्यात त्याला बंदी नसल्याने परवानगी कायम ठेवली. परंतु कंपन्यांचा पैसा राजकारणात शिरला तर लोकशाहीच्या गळ्याला फास लागेल, संसदेने वेळीच लक्ष घालावे, अशा अर्थाची चिंता त्यांनी निकालातच नोंदवली.

१९६० मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर मर्यादा आली. १९६९ मध्ये त्या पूर्ण बंद केल्या गेल्या. कागदावर बंदी आली, पण पक्षांचा खर्च कमी झाला नाही. मग उघड धनादेशाची जागा रोख नोटांनी घेतली. १९८५ मध्ये देणग्या पुन्हा सुरू झाल्या, नफ्याच्या सरासरीच्या ५ टक्के मर्यादेपर्यंत. २०१३ मध्ये ती मर्यादा साडेसात टक्के झाली.

दुसरे दार उमेदवाराच्या हिशेबात होते. कायदा उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा घालतो. पण त्याच्यासाठी पक्षाने किंवा दोस्तमंडळींनी खर्च केला तर? ३ ऑक्टोबर १९७४ रोजी कंवरलाल गुप्ता यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उमेदवाराच्या संमतीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्चसुद्धा त्याच्याच खात्यात धरायचा. गरीब उमेदवाराला आणि छोट्या पक्षाला समान संधी मिळावी म्हणून हे आवश्यक आहे, हे न्यायालयाचे म्हणणे. महिना उलटायच्या आत सरकारने वटहुकूम काढून हा अर्थ बदलून टाकला. पक्षाचा आणि मित्रांचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरायचा नाही, असे कायद्यातच लिहिले गेले. म्हणजे बंधारा बांधला आणि शेजारून पाट काढून दिला. हा पाट पुढे जवळजवळ २९ वर्षे वाहत राहिला.

घोडनदीच्या पलीकडचा खटला

शिरूरमध्ये घोड नदीचा पूल ओलांडला, किंवा दौंडला भीमा ओलांडली, की नगर जिल्हा लागतो, त्याला आता अहिल्यानगर म्हणतात. १९९१ च्या लोकसभा निवडणुकीत तिथल्या अहमदनगर मतदारसंघात काँग्रेसचे यशवंतराव गडाख आणि अपक्ष बाळासाहेब विखे पाटील यांची लढत झाली. गडाख विजयी झाले. विखे पाटील उच्च न्यायालयात गेले. प्रचारसभांमध्ये आपल्याविरुद्ध पैशासंबंधी खोटे आरोप केले गेले, ही त्यांच्या तक्रारीतली मुख्य बाब होती. उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली. नोव्हेंबर १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गडाख यांची निवडणूक रद्द करण्याचा निर्णय कायम ठेवला. याच खटल्यात शरद पवार यांच्यावरही ठपका आला होता, त्यांना मात्र सर्वोच्च न्यायालयाने दोषमुक्त केले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग निकालाच्या शेवटी आहे. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांनी तिथे मोकळेपणाने लिहिले की खर्चमर्यादेचा कायदा प्रत्यक्ष परिस्थितीला पुरा पडत नाही. मर्यादा उमेदवाराच्या खर्चाला आहे, पक्षाचा आणि इतरांचा खर्च कायद्याच्या जाळ्याबाहेर सुखरूप राहतो. ज्या निवडणुकीचा धुरळा आपल्या नदीपलीकडे उडाला, त्याच निवडणुकीने देशाच्या कायद्यातले हे भोक पुन्हा एकदा सर्वांना दाखवले.

त्याच सुमारास टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त होते, डिसेंबर १९९० ते डिसेंबर १९९६. आचारसंहिता म्हणजे काय हे खेड्यातल्या माणसाला त्यांच्यामुळे कळले. भिंती रंगवणे, रात्रभर कर्णे वाजवणे, सरकारी गाड्या वापरणे यांना चाप बसला. फोटोचे ओळखपत्र आले. आपल्या नावावर दुसराच मत देऊन जायचा तो प्रकार त्यामुळे बराच कमी झाला.

२००३ मध्ये १९७४ चा तो पाट बुजवला गेला. आता पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च त्याच्या खात्यात येतो. सूट राहिली ती ठराविक स्टार प्रचारकांच्या प्रवासखर्चापुरती. त्याच काळात सर्वोच्च न्यायालयामुळे प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता, गुन्हे आणि शिक्षण यांचे प्रतिज्ञापत्र देणे भाग पडले. मात्र संपूर्ण पक्षाने मिळून किती खर्च करावा याला कायद्यात आजवर मर्यादा नाही.

रोखे आणि २०२४ चा निकाल

२०१७ मध्ये कंपन्यांच्या देणगीवरची साडेसात टक्क्यांची मर्यादा काढून टाकली गेली. २ जानेवारी २०१८ रोजी निवडणूक रोख्यांची योजना लागू झाली. स्टेट बँकेतून रोखा घ्यायचा, पक्षाला द्यायचा, आणि देणाऱ्याचे नाव जनतेला कळायचे नाही. जानेवारी २०२४ पर्यंत असे सुमारे १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेले.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली. पक्षाला पैसा कोण देतो हे जाणून घेणे हा मतदाराचा हक्क आहे, कारण पैसा देणारा पुढे धोरणावर वजन टाकू शकतो, असे न्यायालयाने म्हटले. कंपन्यांना अमर्याद देणगीची मुभाही रद्द झाली. मार्च २०२४ मध्ये देणाऱ्यांची नावे निवडणूक आयोगाने जाहीर केली. पीठाचे प्रमुख सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड होते, आणि त्याच पीठावर न्यायमूर्ती भूषण गवई बसले होते. अमरावतीचे रिपब्लिकन नेते दादासाहेब रा. सू. गवई यांचे ते चिरंजीव, जे २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले. ज्यांच्या आजा-पणजांना मतदारयादीत जागा नव्हती त्या समाजातला माणूस मतदाराच्या हक्काचा निकाल देणाऱ्यांत होता, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगावे.

आपल्या हातात काय आहे

इतिहास एवढा सांगितला तो कामाला यावा म्हणून. बंधू-भगिनींनो, एक साधे गणित करा. २०२२ पासून आपल्यासारख्या मोठ्या राज्यात विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख आणि लोकसभेची ९५ लाख रुपये आहे. समजा विधानसभा मतदारसंघात ४ लाख मतदार आहेत. ४० लाखांना ४ लाखांनी भागले तर माणशी १० रुपये येतात. त्यात गाड्या, मांडव, पत्रके, कर्णे सगळे आले. मग जो एका मताला पाचशे रुपये वाटतो त्याचा हिशेब खरा असेल का? तो खोटाच असणार. निवडून यायच्या आधीच ज्याचा हिशेब खोटा, तो पुढे आपल्या वस्तीच्या गटाराचा आणि रस्त्याचा हिशेब खरा ठेवील का? आणि पाचशे रुपये पाच वर्षांत वाटले तर दिवसाला २७ पैसे पडतात. एवढ्यावर पाच वर्षांचा बोलायचा हक्क आपण गहाण ठेवतो. नगरसेवकाकडे पाण्याची तक्रार घेऊन गेले आणि "पैसे घेतलेत ना?" असे उत्तर आले, तर आपण काय बोलणार?

काही गोष्टी प्रत्येक घरात माहीत असाव्यात.

मतासाठी पैसे देणारा आणि घेणारा, दोघेही गुन्हेगार ठरतात. हा कायदा १९२० पासून आहे, आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० आणि १७३ मध्ये आहे. मतासाठी खाऊपिऊ घालणे, करमणूक करणे हेही लाचेतच धरले आहे.

मत गुप्त असते. कुणाला मत दिले ते सांगण्याची सक्ती कोर्टसुद्धा करू शकत नाही. "आम्हाला कळतं तुमच्या वस्तीनं कुणाला दिलं" अशा दमाला घाबरायचे कारण नाही.

लोकसभा-विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. तो हिशेब कोणीही नागरिक एक रुपया फी भरून पाहू शकतो, ठरलेली फी देऊन नक्कलही मागू शकतो. आपल्यापैकी किती जणांनी हा रुपया आजवर खर्च केला आहे? वस्तीतल्या दोन-चार शिकलेल्या मुलांनी एकदा जाऊन तो हिशेब पाहावा. किती मांडव दाखवले, किती गाड्या दाखवल्या, आणि आपण डोळ्यांनी किती पाहिल्या, एवढे ताडून पाहिले तरी पुष्कळ कळेल.

निवडणुकीत भ्रष्ट मार्ग वापरल्याचा पुरावा असेल तर त्या मतदारसंघातला साधा मतदारसुद्धा निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक अर्ज करू शकतो. वकिलाचा खर्च आहे, दगदग आहे, हे खरे. पण हक्क फक्त पुढाऱ्यांचा नाही.

आणि जे आपल्यातून उभे राहतात त्यांच्यासाठी. हिशेब दिला नाही तर आयोग ३ वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तर ही अपात्रता ५ वर्षांची आहे. आपली काही पोरे मोठ्या उमेदीने ग्रामपंचायतीला उभी राहतात, खर्च करतात चार-पाच हजार, आणि "पडलो, आता कसला हिशेब" म्हणून कागद भरतच नाहीत. पुढच्या वेळी नाव बाद होते. जिंकला असो की पडला असो, हिशेब वेळेत द्यायचाच. ज्याने खरेच थोडा खर्च केला त्याला तो लिहायला लाज वाटायचे काहीच कारण नाही. कमी पैशात निवडणूक लढवता येते याचा तो पुरावाच आहे.

विनयपिटकातल्या त्या शलाका गोळा करणाऱ्या भिक्खूने टाळायच्या चार गोष्टी वर सांगितल्या आहेत: आवड, द्वेष, मोह आणि भय. मत देताना आपणही त्या चारच टाळायच्या आहेत. नातलग आहे म्हणून नाही, दुसऱ्या जातीचा राग म्हणून नाही, पाकीट मिळाले म्हणून नाही, दम दिला म्हणून नाही. मतदानाच्या आदल्या रात्री पाकीट दारात आले तर घरातल्या थोरांनी पोरांच्या देखत ते परत करावे. पोरे ते विसरत नाहीत.

जयभीम.